चाळीस मिनिटांची चाचणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो न्हाई. बायकोजवळसुद्धा. आता तुम्हाला सांगून राह्यलो, कारण मनात ठेवून ठेवून स्वतःचीच चीड येते — दुसरं काही न्हाई.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एम.एड. करत होतो, शैक्षणिक मानसशास्त्र घेऊन. प्रबंधाचा विषय काय, तर गरिबीमुळं मुलांची बुद्धी कमी भरते का. उत्तर मार्गदर्शक सरांनी आधीच ठरवलेलं — मंग शोधायचं काय होतं? हे विचारायला माझं तोंड शिवलं होतं का?

हसनाबादच्या शाळेत सातवीची बुद्धिमापन चाचणी घेतली. वेळ चाळीस मिनिटं, एक मिनिट इकडंतिकडं चालत नाही. पण सुरू व्हायलाच उशीर झाला. जालन्याची दीडची एस.टी. चुकली की संध्याकाळपर्यंत फाट्यावर बसा. वर्गात घड्याळ एकच — माझ्या मनगटावर. अठ्ठावीस मिनिटं झाली, अन् मी सांगितलं, वेळ संपली.

सुमन नावाची मुलगी होती, बौद्ध घरातली. "गुरुजी, इतक्या जल्दी?" म्हणाली. मी तिच्या हातातून पेपर ओढून घेतला.

तपासताना पाहिलं — तिनं सोडवलं तेवढं सगळं बरोबर. पुढचं कोरं. एकूण गुण 'मंद' या रकान्यात गेले. मी तसेच मांडले. तो वर्ग प्रबंधातून वगळता आला नसता? आला असता की. पुन्हा दुसरी शाळा गाठावी लागली असती, बस. तेवढासुद्धा त्रास नको होता मला.

महिन्याभरानं निकाल द्यायला गेल्तो, तर तिचा बाप शाळेत येऊन थांबलेला. मजुरीचा दिवस बुडवून. "गुरुजी, पोरगी पुढं शिकंल का? बराबर सांगा."

मी — सगळं माहीत असून — म्हणालो, बुद्धी बेताची आहे.

प्रबंध पास झाला. पुढं बी.एड. कॉलेजात मी मूल्यमापन शिकवलं, आणि वेळ काटेकोर पाळा म्हणून पोरांवर ओरडलो. कसली निलाजरी जीभ असते माणसाची!

सुमनचं नाव बापानं आठवीत घातलं नाही. पोरीला शिकवून काय करतो, असं त्याला सांगणारे गावात पुष्कळ होते. सात वर्षं त्या बापानं एकाचंही ऐकलं नव्हतं. माझं ऐकलं.