उपास माझा, जेवले हे

मला कॅन्सर झाला आणि आमच्या घरात वजन वाढलं ते माझ्या नवऱ्याचं.

पहिल्या केमोनंतरचे दिवस मी आमच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये नव्हे, त्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये काढले. पाणी प्यायलं तरी उलटी. केस गेले, चव गेली, झोप गेली. (मैत्रिणी फोनवर सांगायच्या, "मेधा, पॉझिटिव्ह राहा!" मी म्हणायचे, "अगं, रिपोर्ट पॉझिटिव्हच आहे!") दुसरी केमो जवळ यायला लागली तशी मी भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. मरणाची भीती नंतरची. मला भीती होती ती पुन्हा त्या फरशीवर बसण्याची.

अशात एका दुपारी फोनवर एक व्हिडिओ आला. केमोच्या आधी उपास केला, की म्हणे शरीरातल्या चांगल्या पेशी गपचूप पडून राहतात, औषध फक्त वाईट पेशींना झोडपतं, आणि उलट्या कमी होतात. मला रडूच कोसळलं! एवढ्या मोठ्या आजारात माझ्या हातातली ही पहिलीच गोष्ट होती: तोंड बंद ठेवणं. (ती मला लग्नापासून कधीच जमलेली नाही, असं आमच्या ह्यांचं मत आहे.)

"डॉक्टरांना विचारू या," हे म्हणाले.

"विचारलं तर त्या नाही म्हणतील."

"मग?"

"मग विचारायचं नाही!"

एरवी ह्यांनी वाद घातला असता. पण त्या दिवसांत मी काहीही मागितलं तरी ह्यांचे डोळे भरून यायचे आणि मान हलायची. मी हत्ती मागितला असता तर हे पार्किंगची चौकशी करायला गेले असते.

खरी अडचण सासूबाईंची होती. त्यांना उपास सांगायची सोय नव्हती. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी आणि वर केळ्याचं शिकरण! उपासाने कोणाच्या पेशी झोपल्याचं आमच्या घरात कधी ऐकिवात नाही. झोपतो तो अख्खा माणूस, जेवल्यावर. शिवाय माझं आजारपण कळल्यापासून आईंनी स्वयंपाकघराचा ताबाच घेतला होता. तुपातला शिरा, शेवयांची खीर, डिंकाचे लाडू! त्या ताट माझ्या पुढ्यात ठेवायच्या आणि जाताना बजावायच्या, "टाकायचं नाही हं."

म्हणून बेत ठरला. आई आत वळल्या, की माझं ताट ह्यांच्याकडे.

व्हिडिओत दोनच दिवस सांगितले होते, पण मी पडले उत्साही! सराव हवा म्हणून आठवडाभर आधीच सुरुवात केली. मी गरम पाणी प्यायचे, हे माझं ताट संपवायचे आणि मग आपलंही संपवायचे, कारण स्वतःचं टाकलं तर आईंना संशय येणार! आणि ह्यांना मधुमेह आहे, हे आम्हा दोघांच्याही लक्षात होतं. पण दोघांनाही वाटलं, आठवड्याने काय होतंय?

रिकामं ताट बघून आईंचा चेहरा असा काही उजळला, की बघवेना. "जेवली गं माझी पोर!" आणि दुसऱ्या दिवशी वाढप दुप्पट.

"मेधा, आता तरी थांबू या," हे खिरीच्या वाटीत बघत कुजबुजले.

"माझ्यासाठी एवढंही करणार नाही?"

खीर गेली.

केमोच्या आदल्या दिवशी गव्हाणच्या हिराबाई आल्या. वर्षानुवर्षं आमच्या दारात मासळी विकणाऱ्या बाई. त्यांनी टोपलीतून अख्खा जिताडा काढला.

"पैसं नको गो बाय. तू आदी खा. आंगान ताकद नाय तं औषद तरी काय करंल?"

आईंनी कालवण केलं, भाताचा डोंगर वाढला. मी वासानेच उठून गेले. ह्यांनी दोन्ही डोंगर पार केले आणि सोफ्यावर पडून म्हणाले, "मेधा, तुझ्याआधी मी जातो बहुतेक."

आम्ही हसलो. खूप दिवसांनी हसलो.

सकाळी आईही हटून आमच्याबरोबर निघाल्या. हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये मला काट्यावर उभं केलं. सिस्टरने आकडा बघितला आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाल्या, "वजन बरंच उतरलंय. जेवण जात नाही का?"

"जात नाही?" आई ठसक्यात म्हणाल्या. "अहो, दुप्पट जेवते! काल अख्खा जिताडा खाल्लाय!"

डॉक्टरांचा चेहराच बदलला. दुप्पट खाऊन वजन उतरतंय? त्यांनी आधीचे कागद पुन्हा चाळले. "आजची केमो थांबवू. आधी स्कॅन करून घेऊ. आजार कुठे पसरत तर नाही ना, ते बघायला हवं."

आई मटकन खुर्चीत बसल्या. आणि माझी अक्कल बघा! आठवडाभर मी घासभरही धड खाल्लेलं नाही, हे जगात मला सर्वांत चांगलं माहीत होतं. तरी 'पसरत' हा शब्द ऐकून मलाही वाटलं, संपलं सगळं.

"डॉक्टर, नाही!" हे ताडकन उठले. "ती जेवलेली नाही! मी जेवलोय!"

एवढं बोलले आणि घामाघूम होऊन तिथल्याच रिकाम्या पलंगावर आडवे झाले. सिस्टरने बोट टोचून साखर बघितली आणि "अरे देवा!" म्हणाली. माझ्यासाठी राखलेल्या पलंगावर ह्यांना सलाईन लागलं.

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "अशा उपासावर अभ्यास चालू आहेत. पण पक्कं अजून काही नाही, आणि तुमचं वजन आधीच कमी. मला विचारलं का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग उत्तर माहीतच होतं की!"

केमो आठवडाभर पुढे गेली. म्हणजे ज्या दिवसाची मला धडकी भरली होती, त्याची मी आणखी एक आठवडा वाट बघायची! संध्याकाळी ह्यांची साखर उतरली आणि आम्ही तिघं रिक्षाने घरी आलो. आई पदराने डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "मला औषधातलं काय कळतंय? रांधता येतं, तेवढं करत होते." ह्यापेक्षा त्यांनी मला बदडलं असतं तरी चाललं असतं.

पुढचा आठवडाभर त्या माझ्यासमोर चष्मा लावून बसायच्या. घास तोंडात गेला, गिळला, मगच नजर हटायची. केमो झाली आणि त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या, अगदी पहिल्यासारख्या. मी फरशीवर बसून ढसाढसा रडत होते. आई माझी पाठ चोळत होत्या. मध्येच त्या वाकल्या, समोर नीट निरखून बघितलं आणि समाधानाने म्हणाल्या,

"चला! म्हणजे या वेळी जेवलीस तरी तूच."

इतक्या वर्षांच्या संसारात सासूने माझ्यावर पहिल्यांदाच विश्वास ठेवला, तोही पुरावा बघून!