विहिरीतला तराफा

ती विहीर अजून डोळ्यांसमोर आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आठवणी सांगा म्हटलं की मला आधी ती विहीर आठवते आणि हसू येतं.

मी तेव्हा अकोट ठाण्यात फौजदार होतो. दिवाळी जवळ आलेली. शेजारच्या गावचे पोलीसपाटील सकाळीच आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "सायेब, माह्या वावराजवळच्या विहिरीत रोज सांजच्याले दोघं उतरून राह्यले. दोर, बांबू, बंद डबे घेऊन. मले तं दरोड्याचा डाव दिसते."

संध्याकाळी शिपाई घेऊन गेलो. खाली पाण्यात डब्यांचा तराफा डुलत होता आणि त्यावर दोघे ताठ बसले होते. एक शाळेतले गुरुजी, दुसरा कापसाच्या जिनिंगमधला फिटर.

ठाण्यात दोघांना वेगवेगळं विचारलं. घोकून आलेल्यांचे शब्दही जुळतात. यांचे शब्द वेगळे, हकीकत एकच. मेळघाटात सेमाडोहहून हरिसालपर्यंत सिपना नदीतून तराफ्यानं जायचं. जंगल खात्याची परवानगी दिवाळीच्या सुट्टीपुरती, पुढे पाणी उतरतं.

"मग चोरून काहून?" दोघांना एकत्र बसवून मी विचारलं.

"घरी कळलं तं जाऊ देतीन काय?" गुरुजी म्हणाले. "आन् तराफा तरंगते का नाही, पाह्याले विहिरीशिवाय पानी कुठी आहे?"

माझा संशय फिटला. सहज विचारलं, "पोहता येतं ना?"

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. काय म्हणावं या शहाण्यांना! डाळ-तांदळापासून कंदिलापर्यंत तयारी चोख, आणि पोहण्याच्या नावानं शून्य.

"विहीर पोहून पार करा, मगच जा. नाहीतर मी रेंजरला कळवून परवानगी रद्द करवतो," मी बजावलं. गुरुजींचा चेहरा पडला. वर्षानुवर्षं मनात धरलेली सहल माझ्या शब्दावर अडकली होती.

तेव्हा आमच्यासोबत ठाण्यात आलेले पाटीलच उठले. "म्या पकडून देल्लं, आता म्याच शिकवतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाठीला वाळका भोपळा बांधून दोघांना पाण्यात ढकललं. आमच्याकडे सगळे असेच शिकतात. सुट्टी लागली त्या दिवशी गुरुजी भोपळ्याशिवाय पार झाले, मागोमाग फिटर. वर्दीत असूनही मी टाळ्या वाजवल्या. पाटलांनी मोटेच्या बैलांनी तराफा वर ओढून दिला.

रजा टाकून मी पाटलांसोबत सेमाडोहला निरोप द्यायला गेलो. संशय घेणं आमचं कामच, पण तो फिटल्यावर माणसाला वाऱ्यावर सोडू नये, हे मी त्या प्रकरणात शिकलो. शिकवलं मात्र पाटलांनी. तराफा सुटताना ते धोतर खोचून मधोमध जाऊन बसले.

"पाटील, तुम्ही कुठं?"

"खबर माही होती, सायेब. हे बुडले तं जबाब कोन देईन?"