ब्राँझच्या बैलांचा पोळा

सक्करदऱ्याच्या चौकात ब्राँझचा शेतकरी ब्राँझच्या बैलजोडीनं नांगरतो. तिथल्या बागेचा माळी मला रोज फिरताना भेटतो. नाव मी कधी विचारलं नाही. पुतळ्यातल्या चुका तो ठणकावून सांगतो. "नांगरणाऱ्यानं जमिनीकडे पाहा लागते गा. हा फोटोवाल्याकडे पाहून राहिला!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो गरम पाणी, हळद आणि तूप घेऊन चौथऱ्यावर चढला आणि रीतीप्रमाणे बैलांचे खांदे शेकू लागला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," त्यानं दोघांच्याही कानात सांगितलं.

मी हसलो. "अहो, धातूचे बैल आहेत ते!"

"म्हनूनच त!" जुवाखाली तूप चोळत तो म्हणाला. "गावातल्या बैलाचं जू पोळ्याले तरी उतरते. याईचं कोन उतरवते?"