विमल आणि साहेबांची फीत

विमलला "स्पर्धेची पहिली विजेती" म्हणणाऱ्यांनी आधी आपापल्या पोस्ट डिलीट कराव्यात.

ती आज पहाटे गेली. जिंतूरला, स्वतःच्या घरी, झोपेत.

तेव्हापासून माझा फोन वाजतोय. क्लबच्या अध्यक्षांनी तिचा हार घातलेला फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, "मराठवाड्याच्या क्रीडाक्षेत्रातील दीपस्तंभ हरपला."

परभणी जिल्ह्यात दीपस्तंभ. जहाजं कुठे लागतात, ते लिहिलेलं नाही.

त्या स्पर्धेत पहिले आले ते हेच अध्यक्ष. कसे आले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून लिहिते.

नामांतराची वर्षं होती. चार माणसं एकत्र चालली की पोलिसांना मोर्चा दिसायचा. अशात परभणीच्या याच क्लबाला लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा घ्यायची हुक्की आली. उजाडताना जिंतूरहून निघायचं, डोंगर चढत-उतरत येलदरीच्या धरणावर पोचायचं आणि दुसऱ्या वाटेने परत जिंतूर. परवानगी मिळाली ती एका अटीवर. वाटेत कुणी घोषणा द्यायची नाही.

त्या चढावर श्वास उरला असता तर मी क्लबच्याच विरोधात दिली असती.

विमल आणि मी जिंतूरच्या एकाच शाळेत शिकवायचो. मी इंग्रजी, ती गणित. मी कॉन्व्हेंटमधली, मला सिस्टरांनी रांगेत चालायला शिकवलेलं. ती डोंगरापलीकडच्या खेड्यातली, शाळेसाठी रोज टेकडी ओलांडून आलेली.

ती हौस म्हणून उतरली नव्हती.

मुलींना खेळाचा तास मिळावा म्हणून ती वर्षभर हेडमास्तरांच्या मागे लागली होती. मैदान मुलांचं. मुलींनी तेवढा वेळ वर्गात भरतकाम करायचं. शेवटी हेडमास्तर कंटाळून म्हणाले, "बाई, तुम्ही आधी पहिलं बक्षीस आणून दाखवा. मग मुलींना मैदान देतो."

सगळ्या स्टाफसमोर म्हणाले. हसत.

मी धापा टाकत शेवटच्या कमानीपाशी पोचले, तर विमल बाहेरच लिंबाच्या सावलीला बसलेली.

"संपलं ना तुझं?"

"संपू देईनात. साहेब यायलेत."

कमानीत लाल फीत बांधली होती. पहिल्या येणाऱ्याने ती छातीने तोडायची, म्हणून मुद्दाम आणलेली. क्लबच्या सेक्रेटरींनी कुठल्यातरी मासिकात तसा फोटो पाहिला होता. पण आपल्याकडे फीत बांधली की मागोमाग ताट येतं, ताटात कात्री येते, आणि कात्री आली की साहेब लागतात.

विमल सगळ्यांच्या आधी, एकटी पोचली होती. तिला हात आडवा करून थांबवलं होतं.

मी होते तेवढ्यात सेक्रेटरी परत आले. "ताई, अजून जरा दम धरा. साहेब परभणीहून निघालेत."

"मी डोंगरातून चालत आले. ते गाडीत बसून यायलेत. तरी मीच थांबायचं?"

"फीत त्यांच्याच हातानं कापायची ठरलंय ना."

विमल उठली. फीत वर उचलली, खालून वाकून आत गेली, खांबाला हात लावला आणि परत येऊन बसली.

"माझं झालं," म्हणाली.

"असं धरता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

तिच्या बऱ्याच मागून सेक्रेटरींचा भाचा आला होता. त्याला मंडपाच्या मागच्या बाजूने आत घेतलं होतं. सरबत पीत बसला होता.

साहेब आले. फीत कापली. फोटोसाठी भाच्याला हाताला धरून साहेबांच्या शेजारून कमानीतून आणलं. फीत कापल्यावर तो पहिला आत आला, म्हणून तो पहिला. याला क्लबात नियम म्हणत.

मग साहेब चालण्याच्या महत्त्वावर बोलले. खुर्चीत बसून. गुडघे दुखत होते.

विमलला उत्तेजनार्थ. एक नारळ.

मंडपातलं पाणी साहेबांबरोबर आलेल्यांनी संपवलं होतं. खाली आमच्यातली एक बाई चक्कर येऊन बसली होती. विमलने उतरता उतरता नारळ स्टेजच्याच पायरीवर फोडला, पाणी त्या बाईला पाजलं, खोबरं आम्हा सगळ्यांना वाटलं. एक तुकडा साहेबांनाही पाठवला.

सोमवारी हेडमास्तर म्हणाले, "उत्तेजनार्थवर मैदान मिळत नसतं, बाई."

"राहू द्या. रस्ता तर शाळेचा नाही?"

त्यानंतर दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती मुलींना घेऊन डोंगराकडे चालायला जायची. रिटायर होईपर्यंत. पालक कुरकुरले. तिने त्यांनाही सोबत बोलावलं. कुणी आलं नाही.

आता आजचं.

मी विमलच्या अंगणात बसून लिहिते आहे. मघाशी अध्यक्षांचा फोन आला. म्हणजे तोच भाचा.

"मॅडम, अंत्ययात्रा चारपर्यंत थांबवता येईल का? साहेबांचे चिरंजीव निघालेत. दोन शब्द बोलतील. सगळ्यांनाच बरं वाटेल."

"निघालेत म्हणजे परभणीहून, की अंघोळीला?"

तो हसला. त्याला ती गंमत वाटली.

विमलची मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. "मावशी, काय करू? आईला ठेवायचं का चारपर्यंत?"

"अकराला निघायचं," मी म्हणाले. "तिला एकदा थांबवलं तेवढं पुरे."

तिच्या शनिवारच्या मुली जमल्यात. कुणाचे केस पिकलेत, कुणाला नातू झालाय. त्या स्मशानापर्यंत चालत येणार आहेत. "बायका येत नसतात," असं एका काकांनी सांगून पाहिलं. एकीने त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि चपला घालायला गेली.

चिरंजीव उशिरा पोचले तर त्यांना घरचा रस्ता दाखवा. गाडी आहेच.

विमल, पुढे फीत नाही. नीघ.