मी लिहिलेले सहा मेल

"ही त्यांच्यातली असली तरी एकदम क्लीन आहे हं."

तो असं म्हणाला. वेस्ट विंडसरमधल्या त्याच्या घरामागच्या लाकडी डेकवर, भर दुपारी. वीस-पंचवीस माणसं होती, हातात कागदी प्लेटा. मी गोळाभात करून नेला होता. त्याच्या बायकोनं डब्याचं झाकण काढलं. कुणीतरी विचारलं, हा कुणी आणला? त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि ते वाक्य बोलला. कौतुकानं बोलला. तेच तर.

लोक हसले. दोघी जणी डब्यापासून सरकून सॅलडकडे गेल्या.

मी काय केलं? मीही हसले.

तो माझा मॅनेजर. पुण्याचा, इथं जर्सीत येऊन वीस वर्षं झालेली. ऑफिसात सगळे त्याला नावानं हाक मारत. मला म्हणाला होता, "तू मला दादा म्हण. घरचंच समज." मी म्हणायची.

मी नागपूरची. वस्तीतली. निळ्या झेंड्याखाली नाचत मोठी झालेली. कॉलेजात कुणी आडनावावरून बोललं तर मी वर्ग डोक्यावर घ्यायची. ती मुलगी विमानात कुठं हरवली कोण जाणे. इथं आल्यावर मायनं पाठवलेलं निळं कॅलेंडर मी भिंतीवर लावलं. एकदा तो पार्सिपनीला माझ्या अपार्टमेंटमध्ये येणार होता, तेव्हा काढून कपाटात टाकलं. पुन्हा लावलंच नाही. तरी आडनावावरून त्यानं ओळखलंच होतं.

आमची संस्था लोकांच्या मुलाखती घेते. आमचा प्रोजेक्ट होता कम्युनिस्ट राजवटीतून आलेल्या माणसांचा. निवडणुकीवर विश्वास आहे का, शेजाऱ्यावर आहे का, सभेत उठून बोलता का, असे प्रश्न. राजवट पडून तीस-पस्तीस वर्षं झाली, तरी माणसात ती किती उरते, हे शोधायचं होतं. उत्तरांचे आकडे करणं माझं काम. मला वाटायचं, हे त्यांचं दुखणं. आपण तर लोकशाहीतून आलेलो.

डेकवरच्या त्या दुपारनंतरच्या सोमवारी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुझी ग्रीन कार्डची फाइल माझ्याकडे आहे. काळजी करू नकोस. फक्त एक छोटी हेल्प कर. दर शुक्रवारी मला एक मेल टाकत जा. टीममध्ये कोण काय बोलतं, मूड कसा आहे, एवढंच. स्पेशली रुपाली."

रुपाली माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. भांडुपची. जर्सी सिटीतून रोज ट्रेननं यायची. आमच्याच समाजातली, आणि ते लपवायची नाही. मी लपवते हे तिनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. तरी कुणासमोर एक शब्द काढला नाही. मला ताई म्हणायची.

मी त्याला हो म्हणाले. 

पहिल्या मेलमध्ये मी लिहिलं, रुपाली कामात चांगली आहे. दुसऱ्यात लिहिलं, जेवणाच्या सुट्टीत थोडी चिडचिड करते. तिसरा, चौथा असेच. मी स्वतःला सांगायची, यात काय आहे, काहीच नाही. पाचव्यात लिहिलं, प्रमोशन दोनदा का डावललं ते ती विचारणार आहे. सहाव्यात लिहिलं, ती जातीवरून तक्रार करणार आहे, एचआरची वेळ घेतली आहे, मंगळवारची.

हे तिनं मला पार्किंगमध्ये सांगितलं होतं. माझा हात धरून. "ताई, तू सोबत आली नाहीस तरी चालेल. तुला फक्त माहीत असू दे."

सोमवारी सकाळी तिला काढलं. कारण दिलं, प्रोजेक्टची गरज बदलली. सिक्युरिटीवाला शेजारी उभा, आणि ती खोक्यात कप भरत होती. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "सांभाळून राहा हं ताई."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मग परत कामाला बसले.

त्यानंतर भीती घरातच राहायला आली. पोस्टाची पेटी उघडताना भीती. त्याच्या बुटांचा आवाज आला की भीती. मायचा फोन आला की मी हळू आवाजात बोलायची. माय विचारायची, "काऊन वो, बाजूला कोणी बसलं हाय का?" कुणी नसायचं. मी घरात एकटी असायची.

तशात त्यानं मला एका बाईंकडे पाठवलं. त्या रोमानियाच्या. फॉर्मवरच्या निम्म्या प्रश्नांना त्यांनी उत्तरच दिलं नव्हतं. "जाऊन उत्तरं घेऊन ये," तो म्हणाला. "या लोकांना डेमोक्रसी कळतच नाही. रक्तातच नसते. तुमच्याकडच्या लोकांचं असतं ना, तसंच." इतकं सहज, कॉफी ढवळत.

मी फाइल उचलली. निघाले.

बाई ऐंशीच्या पुढच्या. म्हाताऱ्या माणसांच्या बिल्डिंगमधली एक खोली, खिडकीत कुंड्या. मी त्यांचं खरं नाव लिहीत नाही. व्हिओरिका म्हणते. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. प्रश्न वाचला. शेजाऱ्यांवर विश्वास आहे का?

"हे कोण वाचणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, कुणी नाही, फक्त आकडे होतात.

"नाव लिहिलंय ना वर?"

मी फॉर्मवर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "ते मशीन बंद कर." मी बंद केलं. बॅटरीही काढून दाखवली.

त्या कापडगिरणीत होत्या. तरुण होत्या तेव्हा. ऑफिसातल्या एका माणसानं त्यांना बोलावलं. मुलाला दम्याचा त्रास होता, शहरातल्या चांगल्या दवाखान्याची चिठ्ठी त्या माणसाच्या हातात. तो म्हणाला, दर शनिवारी एक कागद लिहीत जा. मागावरच्या मैत्रिणीबद्दल.

"काय लिहिलंत?" मी विचारलं. 

"काही नाही. ती नवऱ्याशी भांडते. कामावर उशिरा येते. काही नाही." मग म्हणाल्या, "आणि एकदा लिहिलं, ती बाहेरचा रेडिओ ऐकते."

मैत्रिणीला गिरणीतून काढलं. तिच्या मुलाला पुढं शिकू दिलं नाही. पुढं राजवट पडली. लोक रस्त्यावर आले, ओरडले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. व्हिओरिका खिडकीतून बघत होत्या. काही वर्षांनी गुप्त पोलिसांच्या फायली उघडल्या. मैत्रिणीनं आपली फाइल वाचली. कागदावर नाव दुसरंच होतं, पण तिनं अक्षर ओळखलं.

"दारात येऊन उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. बघितलं आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी त्यांना विचारलं, मग तुम्ही मत देता का?

"देते. कुणाला ते पोटच्या मुलीलाही सांगत नाही. सभेला जात नाही. कशावर सही करत नाही. सरकार पडलं गं, एका आठवड्यात पडलं. मी नाही बदलले. तोंड उघडायचा दिवस आला तेव्हा मला वाटलं, मी कुठल्या तोंडानं बोलू?" मग म्हणाल्या, "माझी नात इथं वाढली. तीही फॉर्म भरताना थांबते. मी तिला शिकवलं नव्हतं. बघून शिकली."

 त्या माझ्याकडे बघत होत्या. ऐंशी वर्षांच्या बाईला काय सांगावं लागतं.

"तू किती लिहिलेस?"

"सहा," मी म्हणाले.

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला नाही. पाणी दिलं नाही. म्हणाल्या, "तुझी मैत्रीण जिवंत आहे ना? मग माझ्यासमोर काय बसलीस?"

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, त्या बाईच्या रिकाम्या जागी 'माहीत नाही' भरून टाक. आणि या शुक्रवारपासून नवीन आलेल्या मुलीकडे लक्ष ठेव.

मी म्हणाले, "त्यांना माहीत आहे. त्या घाबरतात. दोन्ही एक नाही. आणि मी यापुढं मेल लिहिणार नाही."

"काय?"

"लिहिणार नाही. आधीचे सहा मी रुपालीला देणार आहे."

तो हसला. मग हसायचा थांबला. "तुझा व्हिसा कोणाच्या सहीवर आहे माहितीये ना?"

मला माहीत होतं. मी टेबलाची कड घट्ट धरली होती. कुणी म्हणेल, धीट झाली. नाही. मी त्या दिवशी जितकी घाबरले तितकी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. घाबरत घाबरतच मी म्हणाले, "माहितीये." आणि पहिल्यांदा दादा म्हणाले नाही.

संध्याकाळी रुपालीला फोन केला. नोकरी गेली म्हणून ती सामान बांधत होती. मी सगळं सांगितलं. सहाच्या सहा वाचून दाखवले. पलीकडे खोक्याला टेप लावायचा आवाज येत होता, तो थांबला.

"मंगळवारचं पण तूच?"

"हो."

तिनं टेप फाडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सगळे पाठव. तारखा-वेळा दिसतील असे पाठव. आणि आता तुला ताई म्हणणार नाही मी."

तिनं फोन ठेवला. मी सगळे पाठवले.

त्याच आठवड्यात मला काढलं. नोकरी गेली की व्हिसावर साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर परत. आज एकतिसावा आहे. रुपालीनं तक्रार केली आहे. तिच्या वकिलाचा मला फोन आला, साक्ष द्याल का? रुपाली स्वतः बोललेली नाही. तिनं बोलावं असं मी म्हणत नाही.

दारावर थाप पडली की अजून दचकते. कामासाठी अर्ज करते तिथं कुणी आमची भाषा बोलणारा माणूस दिसला की आडनाव हळूच सांगते. ही भीती जाणार नाही. मी ती जायची वाट बघत बसणार नाही. वाट बघत बसलेल्या बाईला मी भेटून आले आहे.

साक्ष देताना आधी मी काय केलं ते सांगणार. एक ओळ गाळणार नाही. मग त्यानं काय केलं ते सांगणार. मला माफी नको, शाबासकी नको. या देशात राहू देवोत की काढून देवोत, जिथं असेन तिथं, ज्या भाषेत विचारतील त्या भाषेत, मी बोलणार. माझ्या अक्षरात आता दुसऱ्या कुणाचा घात लिहिला जाणार नाही.