सगळं बिटाच्या माथी

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका गावात चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी युक्रेनी बायका बोर्श रांधत, म्हणजे बिटाचं लालभडक सार. चव बघायचा मान स्टेफा ह्रित्सुकचा. तिनं मान हलवल्याशिवाय पातेलं बाहेर जात नसे.

त्या हिवाळ्यात स्टेफाला लाल लघवी झाली. दुखतखुपत काही नव्हतं. बटाटे सोलता सोलता तिनं सांगितलं, तर बायका खो खो हसल्या.

"अगं, बीट पितेस पळीपळीनं, मग काय दूध येणार?" पारास्का म्हणाली. ही स्वयंपाकघराची मुखत्यार. तिच्यापुढे पाद्रीबाबासुद्धा चूप बसत. "आमचं सगळ्यांचंच होतं तसं. कोणी गेली का डॉक्टरकडे?"

बिटाची ही सोय इथं फार जुनी. लाल दिसलं की बिटाच्या माथी मारायचं आणि कंबरेखालचं बोलायचंच नाही. असल्या सोयीनं किती बायका गेल्या असतील, देव जाणे!

स्टेफा मात्र हट्टाला पेटली. तिनं बीटच सोडलं. पुढच्या शुक्रवारी पळी ओट्यावर ठेवून म्हणाली, "चव दुसरी कोणीतरी बघा."

"नाताळ तोंडावर आलाय आणि ही नखरे करतेय!" पारास्का कडाडली.

"करते नखरे. लघवी माझी आहे, तुझी नाही."

बीट सोडून आठवडा झाला तरी रंग येतच राहिला. कधी येई, कधी जाई. शेवटी गाडी काढून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"बिटाचा रंग एकदोन दिवसांत जातो," त्या म्हणाल्या. "रक्त एकदाच दिसलं, दुखलं नाही, तरी तपासायचंच. न दुखणारं तर आधी."

दुर्बिणीतून मूत्राशयात गाठ दिसली. कर्करोगच होता, पण लहान. आतूनच खरवडून काढला.

ती परत तळघरात आली तेव्हा पारास्का बायकांच्या कानात कुजबुजली, "बायकांचं काहीतरी होतं म्हणे. विचारू नका."

स्टेफाचं डोकंच फिरलं. "बायकांचं काही नव्हतं! लघवीतून रक्त जात होतं! मूत्राशयाचा कर्करोग!" जिना उतरणारे पाद्रीबाबा तिथूनच मागे फिरले. "हसायचं तर हसा. पण लाल दिसलं की डॉक्टर गाठा, बीट की रक्त ते त्यांना ठरवू दे. रात्री चारदा उठता, आग होते म्हणून कुढता, तेही सांगा. लाज मेली तर मरू दे, तुम्ही कशाला मरता?"

कोणी हसलं नाही. सगळ्या खाली माना घालून कांदे चिरू लागल्या. स्टेफाला वाटलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी.

थोड्या वेळानं पारास्का जवळ आली. तिनं ॲप्रन सोडून खुंटीला लावला होता.

"स्टेफा, गाडी आणलीयस ना?"

"आणलीय. का गं?"

"मला उन्हाळ्यापासून बीट पचत नाही. खातच नाही मी. तरी लाल होते." तिनं कोट अंगात चढवला. "चल, घेऊन चल मला."