मी पुसलेला गायक

जर्मनीत, र्युसेल्सहाइममध्ये श्पेरम्युलचा दिवस म्हणजे आम्हा विद्यार्थ्यांची चंगळ. लोक नको असलेलं सामान फूटपाथवर मांडून ठेवत आणि कचऱ्याची गाडी यायच्या आत आम्ही हवं ते उचलत असू. माझी खुर्ची, दिवा, टेपरेकॉर्डर, सगळं तिथलंच. एकदा आमच्याच इमारतीसमोर मला सहा कॅसेट मिळाल्या. वरची अक्षरं सिरिलिक, रशियनसारखी, मला वाचता येईनात. कोणी पुन्हा रेकॉर्ड करू नये म्हणून प्रत्येकीच्या कडेचे प्लॅस्टिकचे तुकडे मुद्दाम तोडलेले होते. मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली.

मी कामगार चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढलेला. अक्षरओळखही संपाच्या पत्रकांवरच झाली. इथल्या कंत्राटी सफाई कामगारांवर पत्रक काढायचं मी ठरवलं होतं. मथळासुद्धा तयार होता: ‘कामगाराचा आवाज ऐका’. महिनाभर बसस्टॉपवर, कँटीनच्या मागे माणसं गाठली, बोलती केली. सहाही कॅसेट दोन्ही बाजूंनी भरल्या.

मग एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या मॅसेडोनियन काकू दारात आल्या. त्यांचे यजमान दोनेक महिन्यांपूर्वी वारले होते. जिन्यात बादली घेऊन भेटायचे, मान हलवायचे, तेवढीच आमची ओळख.

"पुतण्यानं घर आवरलं," काकू म्हणाल्या. "गाढवानं ह्यांच्या कॅसेटही बाहेर ठेवल्या. तू उचलतोस ना सगळं?"

यजमान तरुणपणी गायक होते. त्यांच्या भागात रेडिओवर गाणी लागायची, लग्नाच्या तारखा त्यांना विचारून ठरायच्या. तबकडी निघणार होती, त्याआधीच ते इथे मजुरीला आले. शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये आपल्या लोकांसाठी गायचे, सोमवारपासून फरशा पुसायच्या. तिकडच्या रेडिओनं काही जपलं नाही. जे होतं ते या सहा कॅसेटमध्ये होतं.

मला तोंडानं सांगवेना. मी टेप लावली. माझाच आवाज: "सुट्टी किती मिनिटांची मिळते?" दुसरी लावली, तरी मीच. पाचवीत तर मी कोणाला तरी त्याचे हक्क समजावत होतो, चांगली वीस मिनिटं.

"बोलायला फार आवडतं तुला," काकू म्हणाल्या.

पंचवीस वर्षं सफाई केलेला माणूस माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होता. त्याला मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

सहावीच्या अगदी शेवटी माझं बोलणं तुटलं आणि एकदम टाळ्या ऐकू आल्या. कोणीतरी लांब शिट्टी मारली.

"माझा भाऊ!" काकू हसल्या आणि मला गप्प बसायची खूण केली. आता पुढचं गाणं सुरू होणार, म्हणून आम्ही दोघं वाकून ऐकत राहिलो. टाळ्या विरल्या. खुर्च्या सरकल्या. टेप संपली, बटण टक्कन वर आलं.

"दुसरी बाजू लाव," त्या म्हणाल्या.

ती आम्ही आधीच ऐकली होती. मी लावली.